अहवालाचे समास आणि निरनिराळे प्रिंटर

मुळशी तालुक्यात हिंजवडीस संगणक-उद्योगांची मोठी वसाहत उभी आहे. त्याच तालुक्यात भाताची खाचरेही आहेत. शेतकऱ्याने दिलेल्या मातीच्या नमुन्याचे निष्कर्ष आज संगणकाच्या डेटाबेसमध्ये नोंदले जातात व तेथून छापील अहवाल त्याच्या हाती पडतो. तो कागद अपुरा छापला गेला, तर तपासणीचे सारे श्रम व्यर्थ होत.

२०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत मातीच्या १२ बाबी तपासल्या जातात. अशा अहवालात रकाने पुष्कळ असतात. समजा, खतमात्रेचा रकाना उजव्या कडेस आहे. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेटची शिफारस छापताना कडेचा ५ उमटला नाही, तर शेतकरी २ किलोच वाचील.

असे का घडते? कोणताही प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत सहसा छापत नाही. कागद धरून पुढे सरकविण्यासाठी तो कडेस काही जागा कोरी सोडतो. ही जागा प्रत्येक प्रिंटरची निराळी असते. इंकजेट प्रिंटरमध्ये ती पुष्कळदा खालच्या बाजूस अधिक असते.

हिशेब सोपा आहे. डावा समास, मजकुराची रुंदी व उजवा समास यांची बेरीज कागदाच्या रुंदीहून अधिक होता कामा नये. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. समास ६-६ व मजकूर १९८ मिलिमीटर असल्यास बेरीज बरोबर २१० येते. परंतु दुसरा प्रिंटर दोन्ही कडांस ८ मिलिमीटर सोडत असेल, तर बेरीज २१४ होते. मग जादा मजकूर दुसऱ्या पानावर जातो, मध्येच कोरी पाने निघतात किंवा कडेची अक्षरे कापली जातात.

यावर उपाय पुढीलप्रमाणे करावा :

१. कडेपर्यंत चौकट आखलेले एक पान प्रत्येक प्रिंटरवर छापून कोरी राहिलेली जागा पट्टीने मोजावी.

२. चारही बाजूंस आढळलेल्या सर्वांत मोठ्या मापात २ मिलिमीटर मिळवून समास ठरवावेत. वरील उदाहरणात ते १०-१० होतील. मजकूर १९० मिलिमीटरांत बसवावा.

३. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये ‘पेज सेटअप’ उघडून हे समास भरावेत. अहवाल एखाद्या विशिष्ट प्रिंटरशी बांधलेला नाही ना, हे तेथेच पाहावे.

४. कागदाचे माप तपासावे. लेटर कागद ए-४ हून १८ मिलिमीटर आखूड असल्याने शेवटच्या ओळी पुढील पानावर जातात.

५. अहवाल अन्यत्र छापावयाचा असल्यास त्याची पीडीएफ प्रत द्यावी व छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय निवडावा. अक्षर किंचित लहान होईल, परंतु आकडा गळणार नाही.

शेतकरी बंधूंनीही अहवाल हाती घेताच चारही कडा पाहाव्यात. एखादा रकाना अर्धवट दिसल्यास अंदाजाने खत न टाकता नवी प्रत मागून घ्यावी.