कवटीची साक्ष

बुद्धि ही मनुष्याची मिरासदारी. तेव्हां प्राण्यांच्या चढत्या परंपरेंत मेंदूच प्रथम वाढला असला पाहिजे व बाकीचें शरीर त्याच्या मागोमाग सुधारलें असलें पाहिजे, अशी आपली सहजच समजूत होते. ही समजूत भल्याभल्यांस भोंवली आहे. १९१२ सालीं इंग्लंडांतील पिल्टडाउन येथें माणसासारख्या कवटीचे तुकडे व वानरासारखा जबडा असे अवशेष ‘सांपडल्याचें’ जाहीर झालें, आणि पुष्कळ विद्वानांनीं त्यांवर विश्वास ठेविला. कारण ‘मेंदू आधीं’ ही त्यांची अपेक्षा त्यांत तंतोतंत उतरली होती. मनुष्याची अलीकडची कवटी व दाढा कानशीनें घासलेला उरांगउटानाचा जबडा यांची ती लबाड जोडणी होती, हें १९५३ सालीं उघडकीस आलें.

खरी साक्ष हवी असेल तर इजिप्तकडे वळलें पाहिजे. कैरोच्या नैर्ऋत्येस फायूम नांवाचा प्रदेश आहे. तेथील वाळवंटांत सुमारें ३ कोटी वर्षांपूर्वीं नद्या वाहत होत्या व घनदाट अरण्य होतें. अवशेष शोधण्यासाठीं तेथील संशोधकांनीं एक युक्ति योजिली. जमिनीवरील खडीचा थर झाडून काढावयाचा व पुढील काम वाऱ्यावर सोंपवावयाचें. वारा वाळू उडवितो आणि पुढच्या खेपेस नवीं हाडें डोकें वर काढतात. एल्विन सायमन्स या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या तुकडीस १९६६ सालीं येथें एक जवळजवळ संपूर्ण कवटी मिळाली. ती ‘इजिप्टोपिथेकस’ नामक प्राण्याची होती. आफ्रिका व आशिया येथील माकडें आणि मानवाकृति वानर हीं दोन कुळें विभक्त होण्यापूर्वींचा हा प्राणी.

आतां ही कवटी काय सांगते तें पाहूं. वाचकांनीं कानशिलावर बोट ठेवून दांतांवर दांत दाबून पाहावे. बोटाखालीं स्नायु हालतो, पण दृष्टि हालत नाहीं; कारण डोळा व तो स्नायु यांच्यामध्यें हाडाची भिंत आहे. लेमर जातीच्या प्राण्यांत त्या ठिकाणीं केवळ हाडाची कमान असते, मागची बाजू उघडीच. इजिप्टोपिथेकसला ही भिंत आहे. त्याच्या डोळ्यांच्या खोबणीही लहान आहेत. रात्रीं हिंडणाऱ्यास मोठे डोळे लागतात. त्या अर्थीं हा दिवसा वावरणारा होता. जबड्याच्या प्रत्येक बाजूस उपदाढा दोनच, आपल्यासारख्या. अमेरिकेंतील माकडांस त्या तीन असतात.

परंतु कानाचें हाड निराळेंच सांगतें. आपल्या कानाच्या पडद्यापासून बाहेर येणारी एक हाडाची नळी असते. या कवटींत नळी नाहीं. अमेरिकेंतील माकडांप्रमाणें नुसतें कडें आहे. म्हणजे दांत पुढें गेले आणि कान मागें राहिला!

आणि मेंदू? २००४ सालीं तेथें एका मादीची सुरेख कवटी सांपडली. क्ष-किरणांच्या साहाय्यानें तिच्या पोकळीचें सूक्ष्म माप घेण्यांत आलें व तें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. तें १५ घन सेंटिमीटरांहूनही कमी भरलें. मनुष्याचें सरासरी सुमारें १,३५० असतें. प्राणी लहानच होता हें खरें. परंतु देहाच्या मानानें पाहिलें तरी हा मेंदू माकडांच्या पंक्तींत बसत नाहीं, लेमरांच्या पंक्तींत बसतो. तरी त्या इवल्याशा मेंदूंतही दृष्टीचें केंद्र वाढलेलें होतें, हें पोकळीच्या आकारावरून समजतें.

यावरून क्रम स्पष्ट होतो. आधीं डोळा सुरक्षित झाला व दृष्टि सुधारली. मेंदूची भरभराट त्यानंतर, आणि तीही निरनिराळ्या शाखांत स्वतंत्रपणें झाली. कवटीचे सर्व भाग एका वेळीं बदलले नाहींत. ज्याची गरज जेव्हां पडली, तो तेव्हां पालटला. ज्या बुद्धीचा आपणांस एवढा अभिमान, ती या घराण्यांत फार उशिरां आलेली आहे. पिल्टडाउनच्या बनावट कवटीनें माणसाला त्याच्या मनासारखें सांगितलें. फायूमच्या कवटीनें त्याची मर्जी राखिली नाहीं, आणि म्हणूनच तिच्यापासून कांहीं शिकावयास मिळालें.