सीपॉ : खोऱ्यातले राज्य, डोंगरातली माणसे

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्याकडे शाळेच्या सहलीतही दाखवतात. तिथे राहिलेल्या ब्रह्मी राजाला, थिबाला, ज्या मुलखामुळे नाव मिळाले, तो मात्र नकाशावर फारसे कुणी शोधत नाही. ब्रह्मी राजपुत्र नेमून दिलेल्या मुलखाच्या नावाने ओळखले जात. थिबाच्या वाट्याला आले होते ब्रह्मदेशाच्या उत्तर शान भागातले सीपॉ.

टिळकांमुळे आपल्या ओळखीच्या झालेल्या मंडालेहून लाश्योची गाडी ईशान्येला निघे आणि शान पठारावर चढे. पठार नावाचेच, सपाटी शोधावी लागते. चुनखडीचे डोंगर आणि मध्येच जमीन चिरत गेलेल्या दऱ्या. गोकटेकच्या दरीवर एका अमेरिकन कंपनीने बांधलेला पोलादी पूल १९०१ पासून उभा आहे : लांबी ६८९ मीटर, उंची १०२ मीटर. त्यावरून गाडी जीव मुठीत धरल्यासारखी सरकत असे. पुढे क्यौकमे, मग नाम तू नदीकाठी सीपॉ. हीच नदी खाली म्यिन्गे या नावाने इरावतीला मिळते.

इथले राजकारण समजायचे तर आपले मावळ आठवावे. एकेक खोरे, त्याचा एकेक धनी. शान लोक खोऱ्याला ‘मोंग’ म्हणतात, आणि धन्याला साओफा. खोऱ्यात शानांची भातशेती, वर डोंगरात पलाउंग म्हणजे तआंग लोकांचे चहाचे मळे. त्यांचा चहा पिण्यापेक्षा खाण्यात अधिक. कोवळी पाने वाफवायची, मळायची, दाबून महिनोन्‌महिने मुरवायची. मग तेल, तळलेला लसूण, तीळ आणि शेंगदाणे घालून ताटात घ्यायची. उंची वाढेल तसा साओफाचा हुकूम पातळ होई. डोंगरी गावे आपापल्या मुखियांच्या हाती असत. शहाणा साओफा तेवढ्यावर समाधान मानी.

थिबाच्या रोषाला भिऊन सीपॉचा साओफा खुन सेंग १८८२ मध्ये पळाला. रंगूनला आल्यावर त्याने फितुरीच्या संशयावरून आपल्याच दोन माणसांना ठार केले. आपल्या माणसांचा जीव घेणे हा धन्याचा हक्क, अशी त्याची समजूत. इंग्रजी कोर्टाने फाशी सुनावली, मग ब्रिटिश मुलूख सोडण्याच्या अटीवर सोडून दिले. थिबाचे राज्य गेल्यावर १८८६ मध्ये तो परतला आणि इंग्रजांना शरण जाणारा पहिला शान राजा ठरला. बक्षीस म्हणून शेजारची तीन छोटी संस्थाने त्याच्या पदरात पडली, आणि सीपॉचा पसारा सुमारे पाच हजार चौरस मैलांवर गेला. बाकीचे लढत बसले, हा आधी वाकला. मला तरी त्याच्या बेरकीपणाचे कौतुकच वाटते.

इंग्रजांनी साओफांना ठेवले, पण अंकुश आपल्या हाती राखला. ब्रह्मदेश स्वतंत्र होताना, १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे ब्रह्मी आणि डोंगरी नेत्यांत एकत्र राहण्याचा करार झाला. पुढे राज्यघटनेने शान राज्याला दहा वर्षांनंतर फुटून निघण्याचा हक्कही दिला. यॉंगह्वे या शान संस्थानाचे साओफा साओ श्वे थाइक देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९५९ मध्ये साओफांनी आपले वंशपरंपरागत अधिकार सोडले.

सीपॉचे शेवटचे साओफा साओ च्या सेंग अमेरिकेत कोलोरॅडोला खाणशास्त्र शिकले होते. तिथेच त्यांनी इंगे या ऑस्ट्रियन तरुणीशी लग्न केले. आपण राजे आहोत, हे तिला सांगितलेच नव्हते! रंगूनच्या बंदरात जहाजाभोवती स्वागताच्या नावा जमल्या तेव्हा तिला कळले. या राजाने भातशेतीची संस्थानी जमीन कसणाऱ्यांना देऊन टाकली. २ मार्च १९६२ ला लष्कराने सत्ता घेतली, तौंजीजवळ त्यांना अटक झाली आणि त्यानंतर ते कधीच दिसले नाहीत. लष्कराने अटक झालीच नाही असे सांगितले. त्यांनी कोठडीतून चोरून पाठवलेली चिठ्ठी मात्र इंगेकडे पोहोचली होती. १९६४ मध्ये ती दोन मुलींसह देश सोडून गेली. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेले श्वे थाइकही १९६२ मध्येच तुरुंगात वारले.

साओफा गेले आणि डोंगर व खोरे यांच्यातला तो जुना सैल समझोताही गेला. त्याच्या जागी लष्कराने आणलेली सक्ती डोंगराने कधी मानली नाही. २०२४ मध्ये तआंगांच्या सशस्त्र संघटनेने सीपॉ शहर घेतले, २०२५ च्या ऑक्टोबरात लष्कराने ते परत घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोकटेकच्या पुलाचेही नुकसान झाले.