वरच्या दोन खोल्या भाड्याने देताय? हिंडलग्यातील छोट्या घरमालकांनी आधी ‘हे’ करावे

हिंडलगा : कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की हिंडलगा, विजयनगर, गणेशपूर या भागात घर शोधणाऱ्यांची वर्दळ वाढते. पाठीवर बॅग घेतलेली पोरं, नोकरीनिमित्त आलेली जोडपी, जवानांची कुटुंबे अशा सगळ्यांनाच शहराजवळ पण शहरापेक्षा जरा स्वस्त घर हवे असते. दुसरीकडे रिटायर झाल्यावर आलेल्या पैशातून वर दोन खोल्या चढवलेल्या घरमालकांनाही भाडेकरू हवाच असतो. महिन्याच्या औषधांना, नाहीतर घराच्या कर्जाच्या हप्त्याला ते भाडे उपयोगी पडते.

व्यवहार तोंडी ठरतो. “आपलीच माणसं आहेत, कागद कशाला?” असे म्हणून किल्ली दिली जाते. पहिले चार-सहा महिने भाडे वेळेवर येते. मग “पुढच्या महिन्यात दोन्ही मिळून देतो की काका” सुरू होते. तोपर्यंत घरमालकाच्या हातात ना करार असतो ना पावती. दहा घरे भाड्याने देणाऱ्याचे एक भाडे थकले तर चालते. ज्याचे एकच घर आहे त्याचे सगळे उत्पन्नच थांबते.

डिपॉझिट किती दिवस पुरते?

समजा, भाडे महिना ६,००० रुपये आणि डिपॉझिट ३०,००० रुपये आहे. म्हणजे हातात पाच महिन्यांचे भाडे आहे. तीन महिने भाडे आले नाही की त्यातले १८,००० संपले. उरलेल्या १२,००० मधून थकलेले लाईट बिल, फुटलेला नळ, भिंतीचा रंग हे सगळे भागवायचे असते. पण बरेच मालक चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ‘डिपॉझिट आहे की’ म्हणून थांबतात. नोटीस देऊन घर रिकामे व्हायलाही वेळ लागतो, तोवर डिपॉझिट संपलेले असते. त्यामुळे दुसरे भाडे थकले की लगेच लेखी विचारणा करावी.

अकरा महिनेच का?

भाडेकरार अकरा महिन्यांचा करण्यामागे कारण आहे. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ आणि नोंदणी कायदा १९०८ नुसार सब-रजिस्ट्रारकडे नोंदवावा लागतो. तो खर्च आणि हेलपाटे टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली.

मात्र नोंदणी नको म्हणजे स्टॅम्पही नको, असा अर्थ होत नाही. पुरेसे मुद्रांक शुल्क न भरलेला करार कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तो चालवून घ्यायचा तर राहिलेले शुल्क आणि त्याच्या दहापट दंड भरावा लागू शकतो. कोऱ्या कागदावर दोन सह्या घेऊन कपाटात ठेवलेला करार ऐनवेळी उपयोगी पडत नाही तो यामुळेच.

सीमाभागात आणखी एक घोळ होतो. कोल्हापूर, पुण्यातले नातेवाईक सांगतात, “लिव्ह अँड लायसन्स करून टाक.” पण तो महाराष्ट्राचा नियम आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार तिथे असा करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकावर असते. हिंडलगा कर्नाटकात आहे. इथे कर्नाटक भाडे कायदा १९९९ आहे, पण महिना ३,५०० रुपयांपेक्षा (लहान गावांत २,००० पेक्षा) जास्त भाडे असलेल्या घरांना तो लागू होत नाही. आजच्या दरात बहुतेक घरे त्याच्या बाहेरच पडतात. त्यांच्यासाठी आपला करार आणि १८८२ चा कायदा हाच आधार आहे. म्हणून पुण्याच्या कराराची झेरॉक्स काढून त्यावर नावे बदलू नयेत.

न वाचता सही नको

करार बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत टाईप होतो. मराठीत शिकलेले ज्येष्ठ घरमालक ‘रायटरने केलाय म्हणजे बरोबरच असेल’ म्हणून सही करतात. सही करण्याआधी करार कोणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्यावा. भाडे किती व कोणत्या तारखेला, डिपॉझिट किती, घर सोडण्याआधी किती दिवस सांगायचे, दरवर्षी वाढ किती, पाण्याचे व लाईटचे पैसे कोणी भरायचे आणि खोलीत कोण-कोण राहणार, एवढे त्यात असलेच पाहिजे. टँकरचाही उल्लेख करावा. राकसकोपचे पाणी हिंडलगा पंपिंग स्टेशनवरूनच शहराला जाते, पण उन्हाळ्यात बोअर आटली की टँकरचे पैसे कोणाचे यावरून घराघरांत वाद होतात.

भाडेकरूच्या आधार कार्डची प्रत, फोटो, मूळ गावाचा पत्ता आणि कामाच्या ठिकाणाची माहिती घ्यावी. तीच माहिती जवळच्या पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्यावी. भाडे शक्यतो बँकेत किंवा फोन-पेने घ्यावे. रोख घेतले तर पावती द्यावी. ती दोघांच्याही कामाची असते.

‘गृहज्योती’चा गुंता

जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या गृहज्योती योजनेने घरमालकांच्या डोक्याला नवे काम लावले आहे. भाडेकरूही या योजनेचा लाभ घेऊ शकतो. त्यासाठी हेस्कॉमच्या बिलावरचा आरआर नंबर त्याच्या आधारला जोडला जातो. भाडेकरू घर सोडून गेला, पण आधार जोडलेलेच राहिले, तर नवीन भाडेकरूची नोंदणी अडते. जुन्यालाही नव्या घरी लाभ मिळत नाही. म्हणून डिपॉझिट परत देण्यापूर्वी त्याच्याकडून ‘डी-लिंक’ करून घ्यावे. त्याचा फोन नंबर बदलल्यावर त्याला शोधत बसण्यापेक्षा हे सोपे.

दुसरी अडचण एकाच मीटरची. खाली मालक, वर भाडेकरू आणि मीटर एकच असेल, तर दोघांचे युनिट एकत्र मोजले जातात. खाली ११० आणि वर ११० म्हणजे २२० झाले. २०० युनिट ओलांडले की त्या महिन्याचे संपूर्ण बिल भरावे लागते. मग ते वाटून घेताना भांडण ठरलेलेच. वरच्या खोल्यांना हेस्कॉमचा स्वतंत्र मीटर घेतल्यास हा प्रश्न सुटतो. खासगी सब-मीटरने फक्त हिशोब कळतो, बिल एकच राहते.

बारा वर्षांची भीती

“भाडेकरू बारा वर्षे राहिला की घर त्याचे होते,” ही समजूत गावोगावी आहे. या भीतीने काही जण चांगला भाडेकरूही दर दोन वर्षांनी बदलतात आणि मध्ये दोन-दोन महिने घर रिकामे ठेवतात. भाडेकरू म्हणून घरात आलेला माणूस तिथे राहत असताना मालकाची मालकीच नाकारू शकत नाही, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्यात होते आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. नुसती वर्षे गेली म्हणून भाडेकरू मालक होत नाही. पण तो ‘भाडेकरू’ आहे, हे दाखवणारा कागद मालकाकडे हवा. करार आणि पावत्या नसतील तर खरी अडचण तिथे आहे. म्हणून अकरा महिने संपले की करार आठवणीने पुन्हा करावा.

कुलूप लावू नका

भाडे थकले म्हणून पाणी तोडणे, सामान बाहेर ठेवणे, दाराला दुसरे कुलूप घालणे असे प्रकार होतात. हे मालकावरच उलटते. बेकायदा बाहेर काढलेला माणूस विशिष्ट साहाय्य कायदा १९६३ नुसार सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो.

त्याऐवजी लेखी नोटीस द्यावी. करारात वेगळे काही लिहिले नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची नोटीस लागते आणि ती त्याला मिळाल्यापासून दिवस मोजतात. म्हणून वकिलामार्फत स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. तरीही घर सोडले नाही तर दिवाणी कोर्ट हाच मार्ग आहे. तिथे वेळ लागतो, पण कागद पक्का असलेल्याची बाजू भक्कम राहते.

‘लीज’ आणि टॅक्स

महिन्याला भाडे न घेता दोन-तीन लाख एकरकमी घेऊन घर ‘लीज’वर देण्याची पद्धत कर्नाटकात आहे. मुदत संपल्यावर ती रक्कम पूर्ण परत द्यायची असते. लग्नात नाहीतर बांधकामात ती खर्च झाली की परत देताना मालक अडकतो आणि भाडेकरू हलत नाही. हे पैसे बँकेत बाजूला ठेवता येत असतील तरच हा व्यवहार करावा.

भाड्याचे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवावे लागते, पण सगळ्यावर टॅक्स लागत नाही. वर्षाचे भाडे ७२,००० आणि भरलेली घरपट्टी २,००० असेल तर ७०,००० उरतात. त्यातून ३० टक्के, म्हणजे २१,००० रुपये वजा होतात आणि ४९,००० रुपये उत्पन्न धरले जाते. दुरुस्तीला प्रत्यक्षात किती खर्च झाला हे त्यात विचारले जात नाही. घरपट्टी मात्र भरलेली असली पाहिजे, म्हणून ग्रामपंचायतीची पावती ठेवावी.

किल्ली घेताना

भाडेकरू आत येताना खोलीचे, नळांचे, स्विचबोर्डचे फोटो काढून दोघांच्या मोबाईलवर ठेवावेत. जाताना तेच फोटो समोर धरून हिशोब करावा. मीटरचे शेवटचे रीडिंग, पाण्याचे पैसे, गृहज्योतीचे डी-लिंक आणि कापलेली रक्कम एका कागदावर लिहून दोघांनी सही करावी. उरलेले डिपॉझिट त्याच दिवशी परत द्यावे. चांगल्या मालकाचे नाव भाडेकरूच पुढच्याला सांगतो. रिकाम्या राहिलेल्या एका महिन्यात ६,००० रुपये जातात, हे लक्षात घेतले तर तेही कमी नाही.