कथाप्रधान खेळातले नियम

भूमिका-खेळ (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन, बोलता बोलता रचलेली गोष्ट) म्हटले की बहुतेकांना १९७४ सालचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आठवतो. त्यात मुरलेला खेळाडू 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'कडे वळला की त्याला वाटते, इथे नियमच नाहीत, सूत्रधार (गोष्ट पुढे नेणारा खेळाडू) सुचेल ते सांगतो. हा समज चुकीचा, पण स्वाभाविक आहे. ओळखीच्या जागी नियम सापडत नाहीत, एवढेच.

व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या २०१० सालच्या या खेळात दोन फाशांच्या बेरजेत पात्राचा गुण (त्या कामासाठीच्या क्षमतेचा आकडा) मिळवतात. १० किंवा अधिक आले तर काम फत्ते. ७ ते ९ आले तर काम होते, पण किंमत मोजून: कुलूप उघडते आणि पहारेकरी जागा होतो. ६ किंवा कमी आले तर सूत्रधार संकट वाढवतो. गुण शून्य असेल तर ३६ पैकी १५ शक्यता त्या मधल्या निकालाच्या असतात. 'काहीच घडले नाही' असा निकाल मुळात नाही.

गाण्याच्या भेंड्यांत गाणे किती सुरेल झाले हे नियम मोजत नाही. पुढच्याने कोणत्या अक्षरावरून सुरू करायचे ते मात्र ठरवतो. इथला फासाही तेच करतो: गोष्ट पुढे कुठून सुरू होईल ते ठरवतो.

नव्या खेळाडूला अवघड जाते ती एक सवय: कागदावरचे कौशल्य निवडण्याआधी पात्र नेमके काय करते ते सांगायचे, नियम त्यानंतर लागू होतो. सूत्रधारही मोकळा नाही. कथानक आधी रचून ठेवू नये, असे पुस्तक त्याला स्पष्ट बजावते.