आहारातील खनिज द्रव्ये आणि शेतकरी कुटुंबाचे आरोग्य

कडब्याची पेंढी जाळली असता अखेरीस मूठभर राख शिल्लक राहते. ही राख म्हणजे पिकाने जमिनीतून शोषून घेतलेली खनिज द्रव्ये होत. मनुष्याच्या शरीरातही अशीच खनिज द्रव्ये असतात. त्यांचे प्रमाण शरीराच्या वजनाच्या सुमारे शेकडा ४ इतके भरते. हा भाग अल्प असला तरी त्यावाचून हाडे बनत नाहीत, रक्तास लाली येत नाही आणि मुलांची वाढ होत नाही. शरीर ही द्रव्ये स्वतः तयार करू शकत नाही. ती जमिनीतून पिकात, पिकातून अन्नात आणि अन्नातून शरीरात यावी लागतात. म्हणून त्यांचा प्रश्न जितका वैद्याचा आहे, तितकाच शेतकऱ्याचा व गृहिणीचाही आहे.

पोट भरणे आणि पोषण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोन्ही वेळा पोटभर जेवणाऱ्या माणसाच्या अन्नातही एखाद्या खनिजाची उणीव असू शकते. अशी उणीव भुकेप्रमाणे ताबडतोब जाणवत नाही. ती महिनोन्‌महिने शरीर पोखरीत राहते आणि थकवा, वारंवार येणारी आजारपणे, खुरटलेली मुले व अवघड बाळंतपणे या रूपाने प्रकट होते. आपल्याकडील आहारात ज्यांची उणीव विशेष आढळते, अशी चार खनिजे म्हणजे लोह, कॅल्शियम, आयोडीन व जस्त. त्यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

लोह आणि रक्तक्षय

प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश लोह रक्तातील तांबड्या रंगद्रव्यात असते. फुप्फुसातील प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचविण्याचे कार्य हे रंगद्रव्य करते. लोह कमी पडले की रक्त फिके होते व रक्तक्षय जडतो. थोड्या श्रमाने धाप लागणे, छातीत धडधडणे, डोक्यात चक्कर येणे, डोळ्यांच्या खालच्या पापणीची आतील बाजू, जीभ व नखे पांढुरकी दिसणे ही त्याची लक्षणे होत. काही स्त्रियांना व मुलांना माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खाण्याची इच्छा होते. तिला केवळ वाईट खोड समजून दटावू नये. रक्ताची तपासणी करून घ्यावी.

या व्याधीचा प्रसार किती आहे, हे २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून कळते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४.२ स्त्रियांना आणि ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांपैकी शेकडा ६८.९ बालकांना रक्तक्षय असल्याचे त्या पाहणीत आढळून आले. सर्वच रक्तक्षय लोहाच्या अभावाने होतो असे नाही. परंतु लोहाचा अभाव हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. रक्तक्षय झालेल्या स्त्रीस प्रसूतीच्या वेळी होणारा रक्तस्राव सोसत नाही व तिच्या जिवावर बेतते. तिचे मूल कमी वजनाचे जन्मते. लहानपणी लोह अपुरे पडलेल्या मुलाची ग्रहणशक्तीही मंदावते.

पुरुषापेक्षा स्त्रीला लोह अधिक लागते, याचे कारण मासिक स्राव, गर्भारपण व प्रसूती यांतून ते सतत खर्च होत असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली ठरविलेल्या प्रमाणानुसार प्रौढ पुरुषास रोज १९ मिलिग्रॅम, तर स्त्रीस २९ मिलिग्रॅम लोह अन्नातून मिळावयास हवे. प्रत्यक्षात अनेक घरांत स्त्री सर्वांच्या मागून जेवते आणि भाजी-डाळीचा तळच तिच्या वाट्याला येतो. जिची गरज सर्वांत मोठी, तिलाच सर्वांत कमी मिळावे ही रीत बदलल्याखेरीज रक्तक्षय हटणार नाही.

धान्यांमध्ये बाजरी लोहाच्या दृष्टीने श्रेष्ठ आहे. १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत ते सुमारे ४ मिलिग्रॅम, तर गिरणीत पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात अवघे ०.६५ मिलिग्रॅम असते. म्हणजे भाकरी सोडून निव्वळ पांढऱ्या भातावर आलेल्या कुटुंबाने लोहाचा नऊ-दशांश भाग गमावला असे होते. धान्याचा कोंडा काढून टाकला की त्याबरोबर खनिजेही जातात. माठ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला या भाज्या, कडधान्ये, आणि मांसाहारी कुटुंबांत मासळी, मटण व विशेषतः काळीज यांतूनही लोह मिळते.

अन्नात लोह असले म्हणजे ते सर्व रक्तात जाते असे मात्र नाही. धान्य व कडधान्यांत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते लोह व जस्त यांना बांधून ठेवते. मटकी, मूग यांना मोड आणल्याने किंवा पीठ आंबवून आंबील केल्याने हे बंधन बरेच सैल होते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोह शोषण्यास मदत करते, तर चहा त्यात अडथळा आणतो. म्हणून जेवणात लिंबाची फोड असावी आणि चहा जेवणाबरोबर न घेता तास-दीड तासाच्या अंतराने घ्यावा. आमटी किंवा चिंच घातलेली भाजी लोखंडी कढईत शिजविल्यास थोडे लोह त्या अन्नात उतरते.

रक्तक्षयाचे दुसरे कारण पोटात नसून पायाखाली असते. अंकुशकृमीची सूक्ष्म पिल्ले विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीत वाढतात, अनवाणी पायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त शोषतात. असे जंत पोटात असताना कितीही पौष्टिक खाल्ले तरी गळक्या घागरीत पाणी भरल्यासारखे होते. शौचालयाचा वापर, शेतात पादत्राणे आणि आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने ठरावीक काळाने जंतनाशक गोळी हे त्यावरील उपाय होत. गर्भवती स्त्रियांना चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक याप्रमाणे लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य मिळतात. गोळ्यांनी शौचास काळपट होते व प्रथम थोडी मळमळ वाटते. तेवढ्यावरून त्या सोडू नयेत. त्या मुलांच्या हाती मात्र पडू देऊ नयेत, कारण एकदम पुष्कळ गोळ्या गिळल्यास लहान मूल दगावू शकते.

कॅल्शियम आणि हाडे

प्रौढ शरीरात एक किलोग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते व त्यापैकी शेकडा ९९ भाग हाडांत आणि दातांत असतो. उरलेला एक भाग रक्तात व पेशींत राहून स्नायूंचे आकुंचन, हृदयाचे ठोके व रक्त गोठणे ही कामे करतो. रक्तातील हे प्रमाण घटू लागले की शरीर हाडांतून कॅल्शियम काढून ते भरून काढते. त्यामुळे उणिवेची जाणीव पुष्कळ वर्षे होत नाही. उतारवयात पाठीला बाक येतो आणि किरकोळ पडण्यानेही मांडीचे हाड मोडते, तेव्हा ती उघड होते. लहान मुलांत कॅल्शियम किंवा ड जीवनसत्त्व कमी पडल्यास मुडदूस होतो व पायांची हाडे वाकतात. ड जीवनसत्त्व अंगावर पडणाऱ्या उन्हामुळे त्वचेत तयार होते; त्यावाचून अन्नातील कॅल्शियम नीट शोषले जात नाही.

प्रौढास रोज १,००० मिलिग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या मातेस १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. या बाबतीत कोकण व सह्याद्रीच्या डोंगरउतारावरील नाचणीची बरोबरी दुसरे कोणतेही नित्याचे धान्य करू शकत नाही. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तितक्याच पांढऱ्या तांदळात ते ८ मिलिग्रॅमही नसते. १०० ग्रॅम नाचणीच्या भाकरी, १०० ग्रॅम शेवग्याच्या पाल्याची भाजी व पाव लिटरपेक्षा थोडे कमी दूध एवढ्यातून ९०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम मिळते. उरलेली गरज तीळ, डाळी व इतर अन्न यांतून भागते. पालकात कॅल्शियम दिसते पुष्कळ, परंतु त्यातील ऑक्झॅलेटमुळे शरीरास त्याचा फारसा उपयोग होत नाही. बांधावरील एखादे शेवग्याचे झाड या कामी अधिक भरवशाचे ठरते.

दुधाविषयी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गोठ्यात दुभते जनावर असूनही सगळे दूध डेअरीवर जाते व घरातील मुलांना कोरा चहा मिळतो, असे चित्र खेड्यांत दिसते. रोख पैशाची निकड खरी आहे. तथापि गर्भवती स्त्री व वाढती मुले यांच्यापुरते दूध बाजूला काढून मगच बाकीचे विकावे.

आयोडीन आणि गलगंड

शरीरातील आयोडीनचे एकूण वजन १५ ते २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमटीतही न येण्याइतके असते. त्याचा मोठा भाग गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत असून शरीराच्या व मेंदूच्या वाढीचे नियमन करणारा स्राव त्यापासून बनतो. आयोडीन न मिळाल्यास ही ग्रंथी सुजते. तिलाच गलगंड म्हणतात. परंतु गळ्याची गाठ हे या रोगाचे केवळ बाहेरचे रूप आहे. गर्भवतीस आयोडीन फार कमी पडले तर गर्भपात होतो, मूल मृत जन्मते, किंवा जन्मतः मुकेबहिरे व मंदबुद्धी होते. ही हानी पुढे कोणत्याही औषधाने भरून येत नाही.

पाऊस व पुराने जेथील मातीतील आयोडीन वाहून जाते, तेथील धान्य व भाजीपाल्यातही ते नसते. हिमालयाच्या पायथ्याचा प्रदेश यासाठी प्रसिद्ध होता. तेथील कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख वस्तीच्या या भागाचे तीन विभाग करून दोन विभागांत आयोडीनयुक्त मीठ व एका विभागात साधे मीठ पुरविण्यात आले. काही वर्षांनी पाहता आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंड झपाट्याने कमी झाला होता; साध्या मिठाच्या विभागात तो तसाच राहिला होता. पुढे त्या विभागासही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. या अनुभवाच्या आधारे १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आखण्यात आला. खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे.

ग्राहकाच्या हाती येणाऱ्या १ किलोग्रॅम मिठात निदान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा नियम आहे. हे आयोडीन टिकावे म्हणून मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून व ओलीपासून दूर ठेवावे. जनावरांसाठी किंवा उद्योगधंद्यासाठी आणलेले साधे मीठ स्वयंपाकात वापरू नये. आयोडीनच्या आशेने मीठ वाढविणेही योग्य नव्हे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा अधिक मिठाने रक्तदाब वाढण्याचा धोका असतो.

जस्त आणि मुलांची वाढ

मनुष्यास जस्ताची गरज असते, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले. बिहारमधील बक्सर येथे जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद १९५८ साली इराणातील शिराझ येथे काम करीत असताना त्यांच्याकडे २१ वर्षांचा एक तरुण आला. त्याची शरीरयष्टी १० वर्षांच्या मुलासारखी होती. त्याचा आहार मुख्यतः गव्हाच्या बिनआंबविलेल्या रोटीचा होता व त्याला माती खाण्याची सवय होती. अशा रुग्णांची माहिती १९६१ साली प्रसिद्ध झाली. पुढे इजिप्तमध्ये केलेल्या अभ्यासात अशा खुरटलेल्या तरुणांत जस्ताचा अभाव आढळला व जस्त दिल्यावर त्यांची वाढ सुरू झाली.

जस्त कमी पडल्यास मुले खुरटी राहतात, जखमा लवकर भरत नाहीत, भूक मंदावते आणि अतिसार व इतर संसर्ग वारंवार होतात. म्हणून बालकास जुलाब झाल्यास क्षार-संजीवनीच्या पाण्यासोबत जस्ताची गोळी १४ दिवस देतात. ६ महिन्यांवरील बालकास रोज २० मिलिग्रॅम व २ ते ६ महिन्यांच्या बालकास १० मिलिग्रॅम असे तिचे प्रमाण आहे. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करावेत. कडधान्ये, भरड धान्ये, शेंगदाणे, तीळ, अंडी व मांस यांतून जस्त मिळते.

जमीन, बियाणे आणि अन्न

१९६६ साली पंतनगर येथे डॉ. य. ल. नेने यांनी भाताच्या खैरा रोगाचे मूळ जस्ताच्या अभावात असल्याचे दाखविले. ज्या उणिवेने भाताची रोपे खुरटतात, तिच्यानेच मुलांचीही वाढ खुंटते. महाराष्ट्रातील चुनखडीयुक्त व विम्लधर्मी काळ्या जमिनींत जस्त व लोह असूनही पिकांना ते सहज घेता येत नाही. अशा जमिनीचे माती परीक्षण करून शिफारस असल्यास हेक्टरी २० ते २५ किलोग्रॅम झिंक सल्फेट द्यावे व शेणखत वाढवावे. उभ्या पिकावर झिंक सल्फेटची शिफारशीप्रमाणे फवारणी केल्यास दाण्यातील जस्तही काही अंशी वाढते.

लोहाच्या बाबतीत वाणाची निवड अधिक परिणामकारक ठरते. इक्रिसॅट संस्थेने विकसित केलेला धनशक्ती हा लोहयुक्त बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याच्या १ किलोग्रॅम दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. महाराष्ट्रातील वसतिगृहांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने लोहयुक्त बाजरीची भाकरी दिली असता त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा सुधारल्याचे एका अभ्यासात आढळले. हा वाण संकरित नसल्याने, दुसऱ्या बाजरीपासून अंतर राखून घेतल्यास त्याचे बियाणे पुढील हंगामासाठी घरी राखता येते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाने प्रसारित केलेला ए.एच.बी. १२०० हा संकरित वाणही लोहाने समृद्ध आहे. त्याचे बियाणे मात्र दर वर्षी नवे घ्यावे लागते.

खनिजांची उणीव घालविण्यासाठी मोठा खर्च लागतो असे नाही. घरापुरती बाजरी व नाचणी, बांधावर शेवगा, परसात माठ-मेथीचे वाफे व एक लिंबाचे झाड, ताटात मोड आलेले कडधान्य आणि बरणीत आयोडीनयुक्त मीठ एवढी तरतूद लहान शेतकऱ्यासही करता येते. पेरणीचे नियोजन करताना बाजारात काय विकेल याबरोबरच घरातील गर्भवती स्त्री व लहान मुले काय खातील, याचाही हिशेब शेतकरी बंधूंनी मांडावा. रक्तक्षयाची किंवा वाढ खुंटल्याची लक्षणे दिसल्यास घरगुती उपायांवर विसंबून न राहता नजीकच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.