फुलझाडांच्या उत्कर्षाचे रहस्य पानांच्या शिरांत

पृथ्वीवर आज सपुष्प वनस्पतींच्या सुमारे ३ लाख जाती आहेत. जीवाश्मांच्या नोंदीत मात्र त्या फार उशिरा, क्रिटेशस कालखंडात अवतरतात आणि भूगर्भीय दृष्टीने अल्पावधीतच सर्वत्र पसरतात. या झपाट्याने चार्ल्स डार्विनही चक्रावला होता. १८७९ मध्ये जोसेफ हूकर यांना लिहिलेल्या पत्रात त्याने ही अडचण बोलून दाखवली.

या यशाचे श्रेय सहसा फुलांना आणि परागीभवन करणाऱ्या कीटकांना दिले जाते. ते चुकीचे नाही. पण अपुरे आहे. कारण आरंभीची फुलझाडे फुले असूनही दुबळीच होती, असे त्यांच्या आज तगून असलेल्या आप्तांवरून दिसते.

अशा आप्तांत अग्रमान अँबोरेल्ला या झुडपाचा. प्रशांत महासागरातील न्यू कॅलिडोनिया बेटावरील दमट अरण्यात, मोठ्या वृक्षांच्या सावलीत ते वाढते. इतर सर्व फुलझाडांपासून त्याची शाखा सर्वांत आधी वेगळी झाली, हे १९९९ मध्ये जनुकीय अभ्यासांतून पुढे आले. त्यानंतरची शाखा कुमुदांची. (कमळ दिसायला तसेच असले, तरी ते बऱ्याच नंतरच्या कुळातील.) तिसऱ्या प्राचीन शाखेतील एक वनस्पती तर स्वयंपाकघरातच सापडते : मसाल्यातील चक्रीफूल.

अँबोरेल्लाच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या रुंद, सलग नळ्या नाहीत. त्यात आहेत केवळ अरुंद, टोके बंद असलेल्या पेशी. एका पेशीतून दुसरीत जाताना पाण्याला भिंतीतील सूक्ष्म खाचांतून झिरपावे लागते. सावलीत आणि ओलाव्यात एवढा पुरवठा पुरतो; भर उन्हात तो अपुरा पडेल. आद्य फुलझाडेही अशाच अंधाऱ्या, ओलसर ओढ्याकाठी वाढली असावीत, असा तर्क २००४ मध्ये मांडला गेला. त्यांचे मूळ पाण्यातच शोधणारे अभ्यासकही आहेत. हा वाद मिटलेला नाही.

खरे परिवर्तन पुढे पानांत घडले. कर्बवायू आत घेण्यासाठी पानाला आपली रंध्रे उघडावी लागतात आणि त्याच वाटेने पाणी निसटते. ही तूट भरून काढण्याचे काम शिरांचे. फुलझाडे वगळता इतर वनस्पतींच्या पानांत, दर चौरस मिलिमीटरला शिरांची लांबी सरासरी २ मिलिमीटरच्या आसपास असते आणि कोट्यवधी वर्षे ती तेवढीच राहिली. फुलझाडांत ती सरासरी ८ मिलिमीटर आहे. जीवाश्म पाने सांगतात, की ही वाढ आरंभी नव्हे, तर सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी वेगाने झाली. दाट शिरांमुळे प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढला आणि फुलझाडे सावलीतून उघड्यावर आली.

त्याचा परिणाम पावसावरही झाला. दाट शिरांची पाने अधिक बाष्प हवेत सोडतात. २०१० मध्ये संगणकीय प्रारूपात फुलझाडांच्या जागी विरळ शिरांच्या वनस्पती कल्पून पाहण्यात आल्या, तेव्हा अॅमेझॉनचे खोरे अधिक उष्ण व कोरडे झाल्याचे आढळले.