गाव, शहर आणि गावकुसाबाहेरचा माणूस

नव्या वर्गावर गेलो की पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांना त्यांचे गाव विचारीत असे. बहुतेक मुले उत्साहाने सांगत. काही मात्र तालुक्याचे नाव घेऊन थांबत. पुढचा प्रश्न काय येईल हे त्यांना ठाऊक असे: गावात राहायला कुठे? या प्रश्नाच्या उत्तरात जात असते. शहरात भाड्याची खोली शोधताना मलाही घरमालकाने आधी आडनाव आणि मग 'मूळ गाव' विचारले होते. तेव्हापासून वर्गात हा प्रश्न विचारणे मी सोडून दिले; पण तो डोक्यातून गेला नाही.

गाव आणि शहर परस्परांवर अवलंबून असतात, असे आपण क्रमिक पुस्तकातून शिकवतो. धान्य, दूध, भाजीपाला शहरात जातो. खते, कापड, औषधे, अवजारे गावात येतात. हे विधान खोटे नाही, पण अपुरे आहे. त्यात गाव म्हणजे एकजीव समाज आहे असे गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात गाव एक नव्हतेच. वेशीच्या आत एक गाव होते आणि वेशीबाहेर दुसरी वस्ती होती. शहराशी या दोघांचे नाते एकसारखे असणे शक्यच नव्हते. सवर्ण शेतकऱ्याच्या लेखी शहर ही बाजारपेठ होती. महारवाड्याच्या लेखी ती सुटकेची वाट होती.

सुटका कशापासून, हे नीट समजून घेतले पाहिजे. महारकीचे वतन म्हणजे कामाला मर्यादा नसलेली चाकरी होती. टपाल पोचवणे, सारा घेऊन जाणाऱ्याच्या सोबत जाणे, मेलेले जनावर ओढणे, मयताची खबर परगावी नेणे, लाकडे फोडणे, हद्दीची राखण करणे ही सर्व कामे त्यात येत. मोबदल्यात तुकड्या-तुकड्यांत वाटली गेलेली जमीन आणि खळ्यावरचे बलुते मिळे. बलुते हा मागून घ्यायचा हक्क होता. आणि जे मागून घ्यावे लागते ते देणाऱ्याच्या मर्जीवर राहते. या व्यवस्थेला कायद्याने आळा घालण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा व्हायला 1958 साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत कायद्याची वाट न पाहता हजारो माणसे मुंबईची गाडी पकडून गेली. गिरणी, गोदी, रेल्वे, नगरपालिका येथे त्यांनी रोख पगार पाहिला. रोख पगाराला हात पसरावा लागत नाही, हा त्यांचा पहिला धडा होता.

परंतु शहराने त्यांना माणूस म्हणून घेतले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. गावातील जात आगगाडीत बसून मुंबईला आलीच होती. कापड गिरण्यांत विणकामाच्या खात्यात मजुरी जास्त मिळे. पण तेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नसे. कांडी संपली की नवीन कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला महाराचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, ही सवर्ण कामगारांची भूमिका होती. 1928 च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे यंत्र नवे होते, पगार रोख होता, संघटना लाल बावट्याची होती, आणि तरीही वेस शाबूत होती. ती आता खात्याखात्यांमधून गेली होती.

माझे आजोबा अशाच एका गिरणीत सूतकताईच्या खात्यात होते. आजी मुलांना घेऊन गावी होती. दर महिन्याला मनीऑर्डर येई. आजी सांगत असे, की पोस्टमन महारवाड्यात येत नसे. देवळाच्या पारापासून हाक मारी. ती जाऊन अंगठा उठवी आणि पैसे घेई. मनीऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळी लिहायला जागा असे. आजोबा चाळीतल्या एका शिकलेल्या माणसाकडून त्या लिहून घेत, आणि गावी शाळेतले गुरुजी त्या वाचून दाखवीत. एका मनीऑर्डरवर तेवढेच होते: पोराला गुरांमागे पाठवू नको, शाळेत पाठव. माझे वडील त्या ओळीवर सातवीपर्यंत गेले. त्यापुढचा रस्ता मी चाललो.

या मनीऑर्डरने गावात काय बदलले? वाण्याच्या दुकानात आजीची उधारी रोखीने फिटू लागली, तेव्हा वाण्याची भाषा बदलली. शेतावर बोलावणे आले की जावेच लागेल, ही सक्ती सैल झाली. 'मुंबईच्या पैशाने हे माजले' असे गाव म्हणू लागले. या वाक्यातला राग नीट ऐकला पाहिजे. ज्यांच्या पोटावर आपला ताबा होता त्यांच्या पोटाला दुसरीकडून भाकरी मिळू लागली, याचा तो राग होता. पैशाबरोबर विचारही आले. मुंबईच्या चाळींत वाचली जाणारी वृत्तपत्रे, सभांच्या हकिकती, जलशातली गाणी सुटीवर आलेल्या माणसांबरोबर गावोगाव पोचली. आंबेडकरी चळवळ खेड्यात रुजली, त्यामागे हे जाणे-येणे होते.

आता दुसरी बाजू पाहू. गावाने, आणि विशेषतः गावकुसाबाहेरच्या बाईने, शहराला काय दिले? गिरणीमालक एकट्या पुरुषाच्या पोटापुरती मजुरी देत होता. त्याची मुले वाढवणे, म्हाताऱ्यांना सांभाळणे, आजारी पडून परतलेल्याची सेवा करणे हे सगळे गावातल्या बाईने मोलमजुरी करून केले. मनीऑर्डर दहा दिवस पुरे, उरलेले वीस दिवस तिचे असत. शहराचा नफा या न मोजलेल्या श्रमावर उभा होता. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तेव्हा कित्येक कामगार गावाकडे परतून तग धरून राहिले. माझे आजोबाही परतले. ज्याची जमीन होती तो शेतात राबला. ज्याची नव्हती तो पुन्हा दुसऱ्याच्या बांधावर उभा राहिला. एकाच संपात हरलेल्या दोन कामगारांचे गाव वेगवेगळे होते.

शहर या माणसांना कसे समजून घेते, याचे उदाहरण त्याच्या आदल्या वर्षाचे आहे. जुलै 1981 मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी मुंबईतील फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याचा निर्णय जाहीर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अर्जदारांत तामिळनाडूतील सेलमहून दुष्काळामुळे आलेला एक भूमिहीन मजूरही होता. 1985 च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो हे मान्य केले, तरी पुरेशी सूचना देऊन फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही मान्य केला. शहराला हात हवे होते. त्या हातांमागचा माणूस मात्र त्याच्या दृष्टीने कायम 'गावचा' होता.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हेच पुन्हा उघडे पडले. शहराने मजुरांना आधार दिला नाही आणि ते पायी निघाले. अनेक गावांनी वेशीवर काटे टाकून रस्ते अडवले. पिढ्यान्‌पिढ्या वेशीबाहेर राहिलेल्यांना या काट्यांचे नवल वाटले नाही. नवल वाटले ते, ज्यांनी आजवर फक्त आतून वेस पाहिली होती त्यांना.

आणि हा प्रश्न केवळ आपल्या वस्तीचा नाही. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा या धरणांचा आहे. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. परस्परावलंबन म्हणतात ते हेच असेल, तर त्यात कोण कोणावर अवलंबून आहे आणि किंमत कोण मोजतो, हे आधी विचारले पाहिजे.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याला घटनेचा पायाभूत घटक मानण्यास नकार दिला आणि व्यक्तीला तो मान दिला. काहींना तो खेड्याचा द्वेष वाटला. माझ्या मते तो खेडे आतून पाहिलेल्या माणसाचा निष्कर्ष होता. मात्र त्यावरून शहर म्हणजे मुक्ती असे समीकरण आपण मांडले, तर तेही चुकीचे ठरेल. गटारात उतरणारा कामगार शहरातच उतरतो, आणि तो कोणत्या जातीचा असतो हे सांगावे लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना माझी एक सूचना आहे. आपापल्या घरातील हिशेब लिहून काढा. पहिला माणूस शहरात कधी गेला, कोणते काम मिळाले, कोणते नाकारले गेले. किती पैसे गावी आले आणि त्यांतून काय झाले. मागे राहिलेल्या आईने, आजीने घर कसे चालवले. परतल्यावर जमीन होती की नव्हती. आजी-आजोबांची पिढी हयात आहे तोवर हे विचारून घेतले पाहिजे. माझ्या आजीने मनीऑर्डरच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या होत्या. ती गेल्यावर पेटी उघडली तेव्हा त्यांना वाळवी लागलेली होती. जे वाचता आले तेवढेच मी वहीत उतरवून घेतले आहे.